रेकॉर्डिंग आतल्या डिस्कवर करायचं की बाहेरच्या?

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. मिरजेत तुमचे हार्मोनियमचे वर्ग आहेत. घरच्या एका खोलीत विद्यार्थ्यांसाठी पाठ रेकॉर्ड करता आणि महिन्यातून दोन-तीन वेळा भजनी मंडळाचा किंवा नाट्यगीतांचा कार्यक्रम १६ माइकवर रेकॉर्ड करता. विंडोजच्या लॅपटॉपात २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपांची डिस्क, आहे, तिच्यात साठेक जीबी जागा उरली आहे. दुकानदार म्हणतो, १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या आणि थेट तिच्यावरच रेकॉर्ड करा. भाचा म्हणतो, लॅपटॉप उघडून आत दुसरी एसएसडी टाकू. आणि साउंडवाले म्हणतात, विंडोज ज्या डिस्कवर आहे तिच्यावर रेकॉर्डिंग करायचंच नसतं, मग ती कितीही मोठी असो.

माझं मत आधी सांगतो, कारणं मागाहून. लॅपटॉपात दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर भाच्याचं ऐका. नसेल तर बाहेरची एसएसडी घ्या आणि तिची वायर चिकटपट्टीने पक्की करा. दुकानदार सांगतोय ती फिरणारी डिस्कही घ्याच, पण काम झाल्यावर कॉपी ठेवायला. कार्यक्रम चालू असताना तिच्यावर लिहू नका. साउंडवाल्यांचा नियम पंधरा-वीस वर्षांपूर्वी सोळा आणे खरा होता. आज त्यातले चार-सहा आणे उरलेत.

डिस्क घ्यायला गेलं की सगळे आधी वेगाचा आकडा बघतात. आपल्या कामात त्या आकड्याला फार अर्थ नाही. हिशोबच करू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या दर्जाला एक माइक सेकंदाला १४४ केबी लिहितो. सोळा माइक म्हणजे २.३ एमबी. तासाला सव्वाआठ जीबी, तीन तासांच्या कार्यक्रमाला २५ जीबी. आता समोरची बाजू बघा. जुनं यूएसबी २.० सुद्धा सेकंदाला तीस-पस्तीस एमबी ओढतं. साधी फिरणारी डिस्क सलग लिहायला शंभरच्या आसपास जाते. एसएसडीत साटा जोडणीची पाचशेच्या घरात, एनव्हीएमई या वेगवान जोडणीची तीन हजारांच्या पुढे. आपल्याला हवेत अडीच. ९६ किलोहर्ट्झला गेलात तरी पाच. तांब्याभर पाण्यासाठी कोयना धरण बघायला जाण्यातला प्रकार आहे.

मग रेकॉर्डिंग अडतं कुठे? फिरणारी डिस्क असेल तर तिच्या हातात. डिस्कच्या पोटात एक दांडी असते, तिच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं डोकं. सोळा ट्रॅक म्हणजे सोळा वेगळ्या फायली, आणि त्या सोळाही फायलींत थोडं-थोडं लिहायला ते डोकं सतत इकडून तिकडे पळत असतं. ५४०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या मारणाऱ्या, डिस्कला एक फेरी मारायला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा खाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद थांबायचं. त्याआधी दांडी सरकायला बाराएक मिलिसेकंद. झाले साडेसतरा. समजा सॉफ्टवेअर ६४ केबीच्या घासांनी लिहितंय, तर एका ट्रॅकचे सेकंदाला सव्वादोन घास, सोळांचे छत्तीस. छत्तीस गुणिले साडेसतरा म्हणजे ६३० मिलिसेकंद. दर सेकंदातला जवळजवळ दोन-तृतीयांश वेळ नुसता पळापळीत गेला. त्यात तुम्ही आधीचे सोळा ट्रॅक ऐकत नवीन काही भरायला बसलात की वाचायचे छत्तीस घास आणखी, आणि सेकंदात सेकंदाहून जास्त काम मावेना. प्रत्यक्षात आजची सॉफ्टवेअरं मोठे घास घेतात, विंडोजही शेजारशेजारची कामं एकत्र उरकतं, म्हणून परिस्थिती इतकी वाईट होत नाही. पण प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर काम केलेल्या जुन्या लोकांना ‘डिस्क इज टू स्लो ऑर फ्रॅगमेंटेड’ ही ओळ आणि तिच्यापुढचा -९०७३ हा आकडा आजही झोपेत विचारलात तर सांगता येईल, तो याच पळापळीमुळे.

साउंडवाल्यांचा नियम इथूनच आला. त्या एकाच दांडीला विंडोजचीही कामं करायची आणि तुमचे सोळा ट्रॅकही लिहायचे, हे जमत नसे. म्हणून रेकॉर्डिंगला वेगळी डिस्क, तीही ७२०० आरपीएमची. आपल्याकडे त्यावर एक देशी तोडगा निघाला होता: एकाच डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडायचे आणि “मी तर डी ड्राइव्हवर रेकॉर्ड करतो” म्हणून निर्धास्त राहायचं. खोल्या दोन केल्या तरी घरात काम करणारं माणूस एकच. उलट सी आणि डीच्या मध्ये त्या दांडीला लांबच्या खेपा पडत, म्हणजे होतं त्याहून वाईट.

एसएसडीला दांडीच नाही. हवी ती जागा साधारण एक दशांश मिलिसेकंदात सापडते. त्यामुळे विंडोज आणि रेकॉर्डिंग एकाच एसएसडीवर असलं तरी सोळा ट्रॅकला काही होत नाही. मी स्वतः दोन-चार माइकचं काम बिनदिक्कत लॅपटॉपच्या मूळ डिस्कवर करतो.

तरी वेगळी डिस्क बरी असं मी म्हणतो ते दुसऱ्या कारणांसाठी. एक तर जागा. साठ जीबीत तुमचे दोन कार्यक्रम बसतात आणि तिसऱ्याला एसएसडी गच्च भरते; गच्च भरलेली एसएसडी रखडते, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. दुसरं म्हणजे विंडोज बिघडलं आणि कोणी भल्या मनाने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की तुमचे अभंगही त्याबरोबर गेले. तिसरं कारण हल्ली सगळ्यात जास्त बघतो: सेशन ‘डॉक्युमेंट्स’ किंवा डेस्कटॉपवर ठेवलेलं असतं आणि ते फोल्डर वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीला, जोडलेलं असतं. तुम्ही इकडे गजर रेकॉर्ड करताय आणि तिकडे तो बाबा प्रत्येक अर्धवट फाइल ढगात चढवायला धडपडतोय. रेकॉर्डिंगचं फोल्डर त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा, अँटीव्हायरसलाही ते फोल्डर वगळायला सांगा.

आता बाहेरच्या डिस्कचं. मी या धंद्यात आलो तेव्हा एडॅट नावाची कॅसेटवर रेकॉर्ड करणारी यंत्रं होती. एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक, आणि १२० मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम चाळीस मिनिटं. भैरवी सुरू झाली की घड्याळाकडे बघत पोटात गोळा यायचा. तेव्हापासून आजवर माझ्या हातून जे टेक गेले त्यांत डिस्क हळू पडली म्हणून गेलेले फार थोडे. बहुतेक गेले ते वायर, वीज किंवा झोपेमुळे. या तिन्ही गोष्टी बाहेरच्या डिस्कला जास्त छळतात.

वायरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी पुण्यात नदीपात्रात एका ढोल-ताशा पथकाचा सराव रेकॉर्ड करायला गेलो होतो. आठ माइक, घडीचं टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी पोर्टेबल डिस्क. घरी तिच्यावर महिनोन्‌महिने काम केलेलं, कधी तक्रार नाही. सराव सुरू झाला, ताशाची तर्री झाली, आणि पन्नासेक ढोलांवर एकदम पहिलं टिपरू पडलं. पडद्यावरची सगळी वेव्हफॉर्म तिथेच थांबली. डिस्क सापडत नाही असा संदेश. पुन्हा जोडली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा पहिल्या हातालाच तेच. मुलं घामाघूम होऊन माझ्याकडे बघतायत आणि मी वायर काढतोय, घालतोय. शेवटी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर रेकॉर्ड करून वेळ मारून नेली. घरी येऊन तीच डिस्क टेबलावर ठेवली, चालू केली आणि शेजारी बोटाच्या पेराने टकटक केलं. तिसऱ्या टकटकीला डिस्कवरचा दिवा विझला आणि पुन्हा लागला. डिस्क ठणठणीत होती. तिचं यूएसबीचं तोंड, तो चपटा, दोन भागांचा मायक्रो-बी प्लग, सैल झाला होता. कागदाची घडी सारून मी ते महिनाभर चालवलं आणि मग डिस्क कपाटात गेली, कारण तिच्यात यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या सर्किटच्या पाटीवरच झाळलेलं होतं. अशा डिस्कचं खोकं उघडून आतली डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये टाकता येत नाही. पुष्कळ तयार पोर्टेबल डिस्क अशाच असतात. घेताना हे कोणी सांगत नाही.

प्लग पक्का असता तरी ढोलासमोर फिरणारी डिस्क ठेवणं शहाणपणाचं नव्हतंच. नुसत्या आवाजाच्या कंपनाने डोकं रेघेवरून हलतं आणि डिस्कला तेच पुन्हा लिहावं लागतं. डिस्कच्या कपाटासमोर जोरात ओरडून तिचा वेग कसा पडतो हे एका अभियंत्याने २००८ मध्ये मोजून दाखवलं होतं. तुमच्या मंडळात पखवाज, टाळ आणि वर मंडपातले स्पीकर. हिशोब तुम्हीच करा.

झोपेचा प्रकार जास्त फसवा आहे. मध्यंतर होतं, चहा होतो, सत्कार होतात, अध्यक्ष चार शब्द म्हणून चाळीस मिनिटं बोलतात. तोवर डिस्कला काम नसतं, ती फिरायची थांबते. तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबता आणि तिला पुन्हा वेग घ्यायला तीन-चार सेकंद लागतात. गायकाने आलाप सुरू केलेला असतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ ही ओळ आहे, ती बहुधा वीस मिनिटांवर असते, तिथे ‘नेव्हर’ करा. त्याच यादीत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ आहे, तेही बंद करा. पण काही पोर्टेबल डिस्कांच्या स्वतःच्या डोक्यात झोपेची वेळ भरलेली असते, विंडोजचं त्या ऐकत नाहीत. त्यावर माझा उपाय गावठी आहे: मध्यंतरात रेकॉर्डिंग थांबवतच नाही. अध्यक्षांचं भाषणही टिपलं जातं. चाळीस मिनिटांचे साडेपाच जीबी गेले तर जाऊ देत. एकदा त्याच भाषणाची फाइल मंडळाने हौसेने मागून घेतली होती.

विजेचं गणित सोपं आहे. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. अडीच इंची फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना क्षणभर एक अँपिअरच्या जवळपास लागू शकतात. त्यात तुमचा इंटरफेसही (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) पोर्टातूनच वीज घेणारा असेल आणि दोन्ही एकाच स्वस्त हबवर लटकलेले असतील, तर डिस्क टक-टक करत बसते किंवा इंटरफेस गायब होतो. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टात, डिस्क थेट दुसऱ्या पोर्टात, मधे हब नाही. माउस, डोंगल वगैरे बाकी गणगोत हबवर गेलं तर चालेल.

आणि एक कोपऱ्यातली गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. यूएसबी ३.० ची डिस्क आणि तिची वायर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच त्यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. हल्ली कॉलरला लावायचे जे छोटे वायरलेस माइक मिळतात ते पुष्कळसे याच पट्ट्यात चालतात. निवेदकाच्या माइकचा रिसीव्हर डिस्कला चिकटून ठेवलात की आवाज तुटायला लागतो आणि सगळे बॅटरी बदलत बसतात. रिसीव्हर हातभर लांब ठेवा.

घरच्या खोलीचा विचार मात्र वेगळा. तिथे वायर कोणी ओढत नाही, ढोल नाही, वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे. तिथला शत्रू म्हणजे डिस्कचा स्वतःचा आवाज. तुम्ही मिरजेचे, शांत खोलीत तंबोरा माइकला काय-काय ऐकवतो ते मी तुम्हाला काय सांगणार. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, म्हणजे १२० हर्ट्झची घूं. ती टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये उतरते. पेटी ४४० ला लावलेली असेल तर खालच्या सप्तकातली काळी पाच साडेएकशेसोळावर आणि पांढरी सात साडेएकशेतेवीसवर. १२० बरोबर दोघींच्या मधोमध. धड हा सूर नाही, धड तो नाही. ५४०० ची डिस्क ९० हर्ट्झवर गुणगुणते, म्हणजे पांढरी चार आणि काळी तीनच्या मधोमध. दोन्ही डिस्क एकत्र लावल्यात तर त्यांच्यात षड्ज-मध्यम भाव जुळतो, हे कौतुक खरं, पण पुरुषाच्या बोलण्याची पट्टी नेमकी याच भागात येत असल्याने ही घूं फिल्टरने काढायला गेलात की आवाजातलं मांसही निघून जातं. एसएसडी पूर्ण मुकी असते. घरच्या कामासाठी एसएसडी घ्यायला मला एवढंच कारण पुरेसं वाटतं. मग लॅपटॉपचा पंखा उरतो, त्याचं काही डिस्कने होणार नाही.

तर आता काय घ्यायचं ते नीट सांगतो. लॅपटॉपचं मॉडेल बघून भाच्याला विचारा की आत दुसरा एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसायची खाच) किंवा अडीच इंची डिस्कचा कप्पा रिकामा आहे का. पुष्कळ लॅपटॉपांत असतो. जुना, डीव्हीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप असेल तर तो ड्राइव्ह काढून त्याच्या जागी कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, एसएसडी बसते, स्वस्तात काम होतं. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला विचारून करा. एम.२ घेताना स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा हे आधी बघा, दोन्ही दिसायला सारखे. महागड्या वेगाच्या मागे लागू नका, अडीच एमबीचा हिशोब वर केलाच आहे. १ टीबीत तुमचे चाळीसेक कार्यक्रम बसतील, तेही वर्षानुवर्षं ते तिथेच साठवले तर. तसं करू नका.

आत जागाच नसेल, किंवा नव्या मॅकबुकसारखी डिस्क पाटीवरच झाळलेली असेल, तर बाहेरची एसएसडी. इथे माझी आवड जरा जुनाट आहे: साधी अडीच इंची साटा एसएसडी आणि वेगळं घेतलेलं यूएसबी केसिंग. दोन्ही स्वतंत्र असल्याने केसिंग बिघडलं तर दहा मिनिटांत दुसरं लागतं. एनव्हीएमईची केसिंग वेगवान असतात पण तापतात, आणि जास्त तापल्यावर मधेच हात सोडणारी मी पाहिली आहेत. तुम्हाला तो वेग नकोच आहे, मग ताप कशाला घ्यायचा? वायर आखूड घ्या, वीतभर पुरे. डिस्क लॅपटॉपच्या झाकणाच्या पाठीला वेल्क्रोने चिकटवा, वायरला पोर्टाजवळ एक सैल वळसा देऊन गॅफर टेप मारा. कोणाचा पाय अडकलाच तर ओढ टेपवर पडते, पोर्टावर नाही. हे करायला दोन मिनिटं लागतात आणि बाहेरची डिस्क जवळजवळ आतल्यासारखी होते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. दुकानात किंवा ऑनलाइन कोणी हजार-दोन हजारांत १६ टीबीची बाहेरची एसएसडी देत असेल तर हात जोडून पुढे जा. आत साधं मेमरी कार्ड असतं आणि खोटा आकडा दाखवायची चलाखी. पहिले काही जीबी नीट लिहिले जातात, पुढचं सगळं हवेत. कोणतीही नवी डिस्क आली की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर तिच्यावर काठोकाठ डेटा लिहून परत वाचून बघतं. एक रात्र लागते, लागू दे.

फॉरमॅटबद्दल, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीबद्दल: फक्त विंडोजवर काम करत असाल तर एनटीएफएस. एक्सफॅट मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालतं म्हणून लोक तेच ठेवतात, पण लिहिताना वायर निघाली तर सावरायची सोय एक्सफॅटमध्ये फारशी नाही, एनटीएफएसमध्ये आहे. मॅकवाल्या मित्राला फायली द्यायच्या तर वेगळी पेनड्राइव्ह एक्सफॅट करून द्या. फॅट-३२ ला तर हात लावू नका, तिथे ४ जीबीच्या वर फाइल जातच नाही. आणि साध्या वेव्ह फाइललाही मुळात तीच ४ जीबीची मर्यादा आहे. प्रत्येक माइकची वेगळी फाइल असेल तर २४ बिट, ४८ ला तिथे पोचायला आठ तास लागतात, काळजी नाही. पण मिक्सरवरून सोळा ट्रॅक एकाच फाइलमध्ये घेत असाल तर ती ३१ मिनिटांतच भरते. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल मोठी झाल्यावर ही मर्यादा नसलेला आरएफ-६४ प्रकार वापरायची किंवा नवी फाइल सुरू करायची सोय आहे, ती आधी चालू करून ठेवा.

तंबोरा, तबला, ऑर्केस्ट्रा यांच्या सॅम्पल लायब्ररी, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या सुट्या आवाजांचे संच, वापरत असाल तर त्या आतल्या एसएसडीवर ठेवा. तिथे हजारो छोट्या फायली कुठूनही वाचायच्या असतात, फिरणारी डिस्क पार दमते.

आता दुकानदाराची ती १ टीबीची डिस्क. तिला कामाला लावायची जागा म्हणजे कार्यक्रम संपल्यानंतरची रात्र. स्वस्त पोर्टेबल डिस्कांमध्ये हल्ली बहुधा एसएमआर पद्धत असते. कौलारू छपरावर जसं एक कौल दुसऱ्यावर थोडं चढवलेलं असतं तशा त्यातल्या रेघा एकमेकींवर चढलेल्या. त्यामुळे कमी जागेत जास्त माल बसतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी ओळ उचलावी लागते, तसंच इथे. म्हणून थेट रेकॉर्डिंगला अशी डिस्क वाईट, आणि एकदा भरून ठेवायला चांगली. २५ जीबी उतरायला पाच-सात मिनिटं जातात. दोन डिस्क घ्या, एक घरी आणि एक भावाच्या किंवा विद्यार्थ्याच्या घरी. मिक्सिंग संपेपर्यंत लॅपटॉपातल्या फायली पुसू नका, म्हणजे कोणत्याही क्षणी तीन प्रती असतात. इंटरनेटवर चढवायचं तर २० एमबीपीएस अपलोडला २५ जीबीचे पावणेतीन तास होतात, रात्री लावून झोपता येतं.

एसएसडी कपाटात ठेवून विसरायची वस्तू नाही. तिच्यात डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो आणि तो हळूहळू झिरपतो. जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेप्रमाणे, लिहिण्याचं आयुष्य संपलेल्या साध्या वापराच्या एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेशिवाय एक वर्ष डेटा धरला पाहिजे. नवी एसएसडी पुष्कळ जास्त धरते, पण मे महिन्यातलं पत्र्याखालचं कपाट ३० अंशांचं नसतं. फिरणारी डिस्क कपाटात जास्त निश्चिंत. तीही सहा महिन्यांतून एकदा लावून तासभर फिरवा. पावसाळ्यात डबा बंद आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. चालू असताना उचलू नका, दिवा विझल्यावरही दहा सेकंद थांबा.

फिरणारी असो वा एसएसडी, दोन महिन्यांतून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बघा. ‘रीअॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा, आकडा शून्याचा एक झाला आणि वाढत चालला की त्या डिस्कवरचं सगळं त्याच दिवशी हलवा. आतल्या साटा डिस्कचा ‘सीआरसी एरर’, म्हणजे डेटा नेता-आणतानाच्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, वायर किंवा कॅडी बदला. कॅडी स्वस्तातली असली की हे हमखास होतं.

डिस्क आली की कार्यक्रमाच्या निदान आठवडाभर आधी एक रात्र अशी घालवा. इंटरफेस जोडा, सोळाही ट्रॅक आर्म करा, म्हणजे रेकॉर्डिंगला तयार ठेवा, माइक लावायची गरज नाही. फोन बाजूला, वायफाय बंद, लॅपटॉप चार्जरवर. रेकॉर्ड दाबा आणि जेवायला जा. तीन तासांनी थांबवा. फायली सोळाच्या सोळा आहेत का, सगळ्यांची लांबी सेकंदापर्यंत सारखी आहे का, ते बघा. मग सगळ्या एकत्र वाजवा आणि वाजत असताना डिस्कच्या शेजारी टेबलावर पेराने टकटक करा, वायर हळूच इकडेतिकडे हलवा. लॅपटॉपचा चार्जर काढा, पुन्हा लावा. अर्धा तास काहीच न करता सोडा आणि मग एकदम रेकॉर्ड दाबा. यातल्या कोणत्याही पायरीला ती अडखळली तर लॅपटॉपचं मॉडेल, केसिंगचं नाव आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा लिहून पाठवा.